जिभेचा धनी कोण? मालिंत्सिन आणि फितुरीचा प्रश्न



आज ज्या बाईविषयी आपण बोलणार आहोत, तिचं जन्मनाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. पुष्कळ पुस्तकांत 'मालिनाल्ली' असं नाव भेटतं, पण तो मागाहून केलेला तर्क आहे. १५१९ साली स्पॅनिश पाद्र्याने तिला बाप्तिस्मा दिला आणि नाव ठेवलं मारिना. तिची मातृभाषा नाहुआत्ल, म्हणजे मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांची भाषा. या भाषेत 'र' हा ध्वनीच नाही, त्यामुळे मारिनाची झाली मालिना. आदर दाखवायचा तर नावाला 'त्सिन' जोडतात, आपण 'बाई' किंवा 'जी' जोडतो तसं. म्हणून मालिंत्सिन. हाक मारताना त्याचं होतं 'मालिंत्सिने', आणि स्पॅनिश कानांनी ते ऐकलं 'मालिंचे'. म्हणजे जे नाव आज मेक्सिकोत शिवीसारखं वापरलं जातं, त्याच्या पोटात एक आदरार्थी प्रत्यय बसलेला आहे.

शिवी कशी, ते सांगायला हवं. तिकडे 'मालिंचिस्ता' असा शब्द आहे. आपलं सोडून परक्याच्या मागे लागणारा, परदेशी तेवढं चांगलं मानणारा, तो मालिंचिस्ता. आपल्याकडे कुणाला 'सूर्याजी पिसाळ' म्हटलं की पुढे खुलासा करावा लागत नाही, तसंच हे. आता फितुरी म्हणजे काय, याची आपल्या भाषेतली कल्पना मोठी नेमकी आहे: खाल्ल्या मिठाला न जागणं. कुणाला फितूर म्हणायचं तर आधी मीठ दाखवावं लागतं. तेव्हा आजचा आपला प्रश्न एवढाच आहे की या बाईने कुणाचं मीठ खाल्लं होतं?

घटना थोडक्यात पाहू. हेर्नान कोर्तेस १५१९ च्या फेब्रुवारीत क्यूबाहून निघाला. ११ जहाजं, ५०० च्या आसपास सैनिक, १६ घोडे. मार्चमध्ये ताबास्कोच्या किनाऱ्यावर पोतोन्चान नावाच्या माया गावाशी त्याची लढाई झाली. गाव हरलं. हरलेल्यांनी तहात सोनं दिलं, अन्नधान्य दिलं आणि २० बायका दिल्या. त्या २० जणींत ही होती, विशीच्या आतबाहेरची. त्या सगळ्यांना आधी बाप्तिस्मा दिला गेला आणि मग कप्तानांत त्यांची वाटणी झाली. हा क्रम लक्षात घ्या. धर्मांतर इथे वाटपाची पूर्वतयारी आहे. मारिना पोर्तोकारेरो नावाच्या एका खानदानी कप्तानाच्या वाट्याला गेली.

पण मुळात नाहुआत्ल बोलणारी मुलगी माया गावात आली कशी? तिचा जन्म मेक्सिकोच्या आखातालगत, कोआत्साकोआल्कोसच्या परिसरातला. लहानपणीच ती गुलामगिरीत गेली. बेर्नाल दियास हा कोर्तेसचा सैनिक म्हातारपणी लिहितो, की बाप मेल्यावर आईने दुसरं लग्न केलं, मुलगा झाला, आणि त्याच्या वाट्यात भागीदार नको म्हणून रात्रीच्या वेळी मुलीला परक्यांच्या हवाली केलं. या गोष्टीत थोडी कादंबरी असावी. पुढे आई आणि सावत्र भाऊ पुन्हा भेटतात आणि ही त्यांना क्षमा करते, हा भाग सांगताना दियासला स्वतःलाच बायबलातला जोसेफ आठवतो. ते काहीही असो. शिकालांगोच्या बाजारपेठेतून ती माया लोकांकडे पोचली. घरात नाहुआत्ल शिकली, दास्यात माया भाषा शिकली. गुलामाला मालकाची भाषा शिकावीच लागते. मालकाला गुलामाची शिकावी लागत नाही.

कोर्तेसजवळ एक दुभाष्या आधीच होता. हेरोनिमो दे आगिलार हा १५११ साली गलबत फुटून युकातानच्या किनाऱ्याला लागलेला आणि आठ वर्षं माया लोकांत राहिलेला स्पॅनिश माणूस. त्याला माया येत होती, पण नाहुआत्लचं अक्षरही कळत नव्हतं. एप्रिलमध्ये सान हुआन दे उलुआच्या किनाऱ्यावर सम्राट मोक्तेसुमाची माणसं बोलणी करायला आली, तेव्हा आगिलार गप्प झाला. आणि वाटून दिलेल्या बायकांपैकी एक त्या माणसांशी बोलताना दिसली.

इथून साखळी सुरू होते. कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोलणार, आगिलार त्याचं मायात करणार, मारिना त्याचं नाहुआत्लमध्ये करणार, आणि उत्तर त्याच वाटेने उलटं येणार. किनाऱ्यावरच्या तोतोनाक लोकांशी बोलताना त्यात आणखी एक कडी लागायची. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही क्वाइनचा ससा शिकवत असू. परक्या भाषेतला माणूस सशाकडे बोट दाखवून एक शब्द उच्चारतो, तर त्या शब्दाचा अर्थ 'ससा' हाच आहे हे कशावरून, असा तो प्रश्न. क्वाइनच्या उदाहरणात भाषांतर चुकलं तर सशाचंसुद्धा काही बिघडत नाही. इथे गावं जळणार होती. थोड्याच काळात ती स्पॅनिश शिकली आणि आगिलारची गरज संपली.

लोपेस दे गोमारा हा कोर्तेसचा चरित्रकार. मेक्सिकोत कधी न गेलेला, पण कोर्तेसच्या तोंडून ऐकून लिहिणारा. १५५२ च्या त्याच्या ग्रंथात असं आहे, की कोर्तेसने तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, प्रामाणिकपणे दुभाषेपण कर, तुला स्वातंत्र्याहूनही अधिक काही देईन. या वाक्याशी जरा थांबू. 'स्वातंत्र्याहून अधिक' हे ज्याला देऊ करता येतं, त्याच्याकडे स्वातंत्र्य नसतं. आपण याला करार म्हणू शकतो का? नकार देण्याची सोय ज्यात नाही, तो करार नव्हे. नकार दिला असता तर ती उरलेल्या १९ जणींबरोबर मका दळत बसली असती आणि रात्री पोर्तोकारेरोच्या तंबूत गेली असती. तरीही, आणि हे म्हटलंच पाहिजे, पुढच्या काही वर्षांत तिने जे केलं ते केवळ सक्तीने होणारं काम नाही. सक्तीने माणूस ओझी वाहतो. सक्तीने कुणी इतकं चांगलं भाषांतर करत नाही. तिच्यात एक हुन्नर होता, आणि तो दाखवायला मिळालेली पहिली जागा तिने सोडली नाही. 'बिचारी' म्हणून तिला सोडवू पाहणारे लोक हे विसरतात.

स्पॅनिश लोक त्या काळी दुभाष्याला 'लेंग्वा' म्हणत. लेंग्वा म्हणजे भाषा, आणि लेंग्वा म्हणजे तोंडातली जीभसुद्धा. पोर्तुगीजांचाही तोच शब्द, 'लिंग्वा'. गोव्यात सरकारी दुभाष्याच्या पदाचं नाव 'लिंग्वा दु इस्तादु', राज्याची जीभ. आपला 'दुभाष्या' हा शब्द निदान एक अख्खा माणूस दाखवतो, दोन भाषा जाणणारा. 'लेंग्वा'मध्ये माणूस नाहीच. जीभ दुसऱ्या कुणाच्या तरी शरीराची असते आणि बोलणारा तो दुसरा असतो.

कोर्तेसने राजाला लिहिलेल्या लांबलचक पत्रांत तिचा उल्लेख किती वेळा यावा? दोनदा. एकदा नाव न घेता, माझ्याजवळची लेंग्वा, या देशातली एक इंडियन बाई. दुसऱ्यांदा, काही वर्षांनी, मारिना या नावाने. दोन्ही वेळा तिला साक्षीदार म्हणून उभं केलं आहे. दुसऱ्या वेळचं सोपं आहे: होंडुरासच्या वाटेवर एका माया राजाला पटवायचं होतं की तो सुप्रसिद्ध कप्तान आपणच, तर विचारा हिला. पहिल्या वेळचं मात्र जड आहे. ती वेळ चोलुलाची.

तिच्यावरचा सगळ्यात मोठा आरोप चोलुलाचाच आहे, म्हणून तिथे थोडं रेंगाळू. ऑक्टोबर १५१९. तेनोच्तित्लान या मेशिकांच्या राजधानीकडे, म्हणजे आजच्या मेक्सिको सिटीकडे जाताना कोर्तेस चोलुला या तीर्थनगरीत उतरला. बरोबर त्लाश्कालाचे हजारो योद्धे होते. हे मेशिकांचे जुने वैरी आणि आता कोर्तेसचे मित्र. स्पॅनिश वृत्तान्त असा, की चोलुलाच्या एका बाईने मारिनाला गुपचूप सांगितलं, आमची माणसं तुमच्यावर हल्ला करणार आहेत, तू माझ्याकडे ये म्हणजे वाचशील. दियास त्यात भर घालतो, की त्या म्हातारीला ही सून म्हणून हवी होती. मारिनाने ते कोर्तेसला सांगितलं. कोर्तेसने शहरातल्या मुख्य लोकांना चौकात बोलावलं, वाटा अडवल्या आणि कत्तल केली. त्याच्याच पत्रातला आकडा: दोन तासांत ३००० हून अधिक मेले.

नाहुआ लोकांनी पुढे जे लिहून ठेवलं, त्यात कटाचा पुरावा नाही. त्यात निःशस्त्र बोलावलेले आणि मारले गेलेले लोक आहेत, आणि चोलुलाविरुद्ध कान भरणारे त्लाश्कालाचे लोक आहेत. मग त्या म्हातारीचं काय करायचं? आपण न्यायाधीश नाही, पण पुरावा कसा वाचावा हे आपण शिकलेले आहोत. राजापुढे कत्तलीचं समर्थन करायचं आहे आणि कटाची बातमी कोणाकडून तरी आली असं दाखवायचं आहे, तिथेच पत्रात ही बाई प्रथम प्रवेश करते. महिनोन्महिने जिच्या तोंडून प्रत्येक बोलणी झाली, ती तोवर अदृश्य. बातमी खरी असेल तर तिने आपल्याबरोबरच्या माणसांना वाचवलं. बातमी रचलेली असेल, तर ती रचण्याची गरज कोणाला होती हे उघड आहे. दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी चौकाच्या वाटा अडवण्याचा हुकूम तिचा नव्हता. पण लोकांच्या आठवणीत काय राहिलं? म्हातारी, सून आणि चुगली. तलवार मागे पडली.

यानंतरचा प्रसंग ८ नोव्हेंबर १५१९ चा. मोक्तेसुमा शहराच्या वेशीवर कोर्तेसला सामोरा आला आणि त्याने स्वागताचं भाषण केलं. कोर्तेसने राजाला कळवलं, की मोक्तेसुमाने त्या भाषणात आपलं राज्य स्पेनच्या राजाच्या स्वाधीन केलं. नाहुआत्लमध्ये दरबारी बोलण्याचा एक वेगळाच घाट होता. त्यात थोर माणूस स्वतःला लहान करतो, पाहुण्याला घराचा मालक म्हणतो, आणि त्यामुळेच खरा मालक कोण ते सगळ्यांना कळतं. आपल्याला हे समजायला अडचण नाही. 'या, हे घर तुमचंच आहे' असं आपण पाहुण्याला म्हणतोच. आता एखादा पाहुणा दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर नाव चढवायला लागला तर? कोर्तेसने जवळजवळ तेच केलं. मारिनाला तो दरबारी घाट समजला होता असं मानायला जागा आहे. नाही तर तेनोच्तित्लानच्या सरदारांशी तिचं एक वाक्यही निभलं नसतं. तिने कोर्तेसला त्याचा नेमका भाव सांगितला आणि त्याने सोयीने उलटा लिहिला, की त्या साखळीतच सौजन्य गळून पडून नुसता शब्दार्थ उरला? कोर्तेसचं पत्र एवढं वकिली आहे, की आमचा कल पहिल्या शक्यतेकडे आहे.

पुढचं भरभर सांगतो आहोत. १५२० च्या उन्हाळ्यात स्पॅनिशांना शहरातून पळावं लागलं. देवीची साथ आली आणि तिने माणसं पटापट नेली. त्लाश्काला आणि इतर गावांचे हजारो योद्धे वेढ्यात लढले. १३ ऑगस्ट १५२१ ला तेनोच्तित्लान पडलं. एवढ्या सगळ्या कारणांच्या यादीत एका दुभाषी बाईला 'जिच्यामुळे देश गेला' असं म्हणायला बराच उत्साह लागतो.

आणि कुठला देश? आता मिठाकडे येऊ. तेव्हा मेक्सिको नावाचं राष्ट्र नव्हतं. होती शहरं, त्यांची आपापली राजघराणी आणि त्यांची वैरं. 'आपण नाहुआ' किंवा 'आपण इंडियन' अशी भावना तिच्या काळी कुणाच्याच मनात नव्हती. 'इंडियन' हा शब्दच जहाजातून उतरलेला. तेनोच्तित्लान हे तिच्या माणसांसाठी दूरचं, दरारा बसवणारं सत्ताकेंद्र होतं. ज्या व्यवस्थेत मुली विकल्या जात, भेट दिल्या जात, त्या व्यवस्थेत ती लहानाची मोठी झाली होती. तिच्या जन्मगावाने तिला सोडलं, शिकालांगोने विकलं, पोतोन्चानने देऊन टाकलं. यांपैकी कुणाच्या मिठाला तिने जागायचं होतं? निष्ठा ही दोन्ही बाजूंनी वाहणारी गोष्ट आहे. जो समूह एखाद्याला 'आपला' म्हणतच नाही, तो त्याच्याकडून आपलेपणाची वसुली करू शकत नाही. 'फितूर' या शब्दाला आधी एक 'आम्ही' लागतो, आणि तिच्याबाबतीत तो 'आम्ही' तीन शतकांनी जन्माला आला.

हे केवळ तर्काने म्हणत नाही आहोत. सोळाव्या शतकातल्या नाहुआ लोकांनी तिची चित्रं काढली आहेत. फ्रायर साआगुनच्या देखरेखीखाली नाहुआ विद्वानांनी जो मोठा ग्रंथ तयार केला, आज 'फ्लॉरेंटाइन कोडेक्स' म्हणून ओळखला जाणारा, त्याच्या बाराव्या खंडात ती दोन बाजूंच्या मधोमध उभी आहे. बोलणं दाखवायला त्या चित्रपरंपरेत तोंडापुढे एक वळसा काढतात, धुराच्या वेटोळ्यासारखा, आणि तिच्या भोवती असे वळसे दिसतात. एके ठिकाणी ती वाड्याच्या गच्चीवर चढून मेशिकांना अन्नपाणी आणायला फर्मावते आहे. त्लाश्कालाच्या पंचांनी १५५२ च्या सुमाराला करवून घेतलेल्या चित्रपटात तर ती कित्येकदा कोर्तेसपेक्षाही ठळक आहे. त्लाश्कालाला त्यातून राजापुढे स्वतःच्या सेवेचा हिशेब मांडायचा होता, हे खरं. पण त्या चित्रांत तिच्याविषयी तिरस्कार कुठेच नाही. उलट, स्थानिक लोक खुद्द कोर्तेसलाच 'मालिंचे' म्हणू लागले. दियास सांगतो, मारिनाचा कप्तान म्हणून. बाईची ओळख नवऱ्यावरून किंवा मालकावरून व्हावी हा जगाचा रिवाज. इथे मालकाची ओळख तिच्यावरून झाली.

मग ती फितूर कधी झाली? १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राला पूर्वज हवे होते आणि पराभवाचं कारणही हवं होतं. १८२६ साली फिलाडेल्फियात 'हिकोतेंकाल' ही निनावी स्पॅनिश कादंबरी निघाली. तिच्यात मारिना कपटी, घरभेदी बाई आहे. हा साचा चालला. शतकभराने, १९२६ मध्ये, ओरोस्कोने मेक्सिको सिटीतल्या सान इल्देफोन्सोच्या भिंतीवर कोर्तेस आणि मालिंचे नग्न, शेजारी बसलेले रंगवले. तिचा हात कोर्तेसच्या हातात आणि पायाशी पडलेला एक सावळा देह.

आणि मग ओक्ताव्हिओ पास. १९६२ ते ६८ ते दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते, आपल्याकडे त्यांचा वाचकवर्ग मोठा. त्यांच्या १९५० च्या 'एकांताचा चक्रव्यूह' या ग्रंथातलं एक प्रकरणच 'मालिंचेची मुलं' या नावाचं आहे. पासांची मांडणी अशी, की मेक्सिकन माणूस स्वतःला एका बलात्कारित आईचं मूल समजतो आणि त्या आईला क्षमा करू शकत नाही. राष्ट्राच्या मनाचं निदान म्हणून ते प्रकरण भेदक आहे, याबद्दल वाद नाही. आमची तक्रार वेगळी आहे. पासांच्या मालिंचेला शरीर आहे, गर्भ आहे, जीभ नाही. जी बोलण्यामुळे इतिहासात आली, तिला तत्त्वचिंतकाने मुकी केली. सत्तरच्या दशकापासून मेक्सिकोतल्या रोसारिओ कास्तेयानोससारख्या लेखिका आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया यांनी याला उत्तर दिलं: हिने विकलं नाही, हिलाच विकलं गेलं. ग्लोरिया अन्सालदुआचं १९८७ चं पुस्तक या बाबतीत वाचावं. इतिहासाच्या बाजूने कॅमिला टाउनसेंड यांचा २००६ चा ग्रंथ सगळ्यात भरवशाचा. त्या नाहुआत्ल साधनं वाचतात आणि उगाच तिच्या मनात शिरत नाहीत.

कारण तिच्या मनात शिरायला दार नाही. तिने लिहिलेली किंवा स्वतःसाठी सांगून लिहवलेली एकही ओळ उरलेली नाही. तिच्या तोंडची जी काही वाक्यं आहेत, ती सगळी दुसऱ्यांनी सांगितलेली आहेत. म्हणून तिला देवी करणाऱ्यांपासूनही थोडं सावध राहिलेलं बरं.

तिच्या मुलांचं सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १५२२ मध्ये तिला कोर्तेसपासून मुलगा झाला, मार्तीन. सहाएक वर्षांचा असताना बाप त्याला स्पेनला घेऊन गेला. आईची आणि त्याची पुन्हा भेट नाही. पोपकडून त्याला औरस ठरवून घेतलं, तो राजपुत्र फिलिपच्या पदरी राहिला. पण कोर्तेसने स्पॅनिश पत्नीपासून झालेल्या मुलाचं नावही मार्तीनच ठेवलं, आणि जहागिरी त्याला मिळाली. पुढे १५६० च्या दशकात मेक्सिकोत बंडाच्या कटाचा संशय आला, तेव्हा या थोरल्या मार्तीनला पकडून पाण्याचा छळ करण्यात आला. तिचं स्वतःचं लग्न १५२४ मध्ये होंडुरासच्या वाटेवर हुआन हारामियो या कप्तानाशी लागलं. त्याच्यापासून मुलगी झाली, मारिया. मुलगी तीनएक वर्षांची असताना, १५२९ च्या आगेमागे, मारिना वारली. तिशीही धड गाठली नव्हती.

हारामियोने लगेच दुसरं लग्न केलं आणि इस्टेटीचा ओघ नव्या बायकोकडे वळला. तेव्हा १५४२ मध्ये मारिया आणि तिचा नवरा सरकारदरबारी गेले. मागणी अशी, की माझ्या आईने या मोहिमेत जी सेवा केली ती नोंदवून घ्या आणि त्याप्रमाणे मला हक्क द्या. जुन्या सैनिकांच्या साक्षी झाल्या. प्रश्न विचारले गेले, उत्तरं लेखनिकाने उतरवली: ती होती म्हणून बोलणी झाली, ती होती म्हणून आम्ही जगलो. आईची आठवण जिला फारशी नसणार, अशी मुलगी समोरच्या कागदावर आईचं मोल मांडून घेत होती. ते कागद सेव्हिलच्या दफ्तरखान्यात आहेत.

इथे थांबू. पुढच्या व्याख्यानात आपण १५५० च्या वायादोलिदला जाऊ, लास कासास आणि सेपुल्वेदा यांच्या वादाकडे. आता प्रश्न घेऊ या.